गाणं तेच, मग भांडण कशाचं?

"मघाचंच गाणं परत लावलंत का गं?" काकांनी दारातूनच विचारलं.

मघाचं गाणं फ्रेडी किंगचं होतं, आत्ताचं अल्बर्ट किंगचं. त्याआधी अर्धा तास आम्ही चौघं बी. बी. किंगवरून हमरीतुमरीवर आलो होतो. तीन किंग, तिघंही अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ब्लूज संगीत वाजवणारे गिटारवादक, पण एकमेकांचे कोणी लागत नाहीत. अल्बर्टचं तर जन्माचं आडनाव नेल्सन. रविवारची सकाळ, नौपाड्यातलं आमचं घर, मामलेदारची पार्सल आणलेली मिसळ नुकतीच संपलेली, आणि 'सगळ्यात भारी ब्लूज गिटारवादक कोण' हा आमच्या टोळक्याचा कधीच निकाल न लागणारा खटला सुरू.

वरच्या मजल्यावरचे काका चहाच्या वेळेला हटकून येतात. बँकेतून निवृत्त झालेत, आणि चाळीसेक वर्षं शास्त्रीय गाण्याची बैठक चुकवलेली नाही. एकाच गायकाचा एकच राग, दोन वेगळ्या वर्षांची रेकॉर्डिंग लावा, पहिल्या आलापात वर्ष सांगतील असा कान. अशा माणसानं 'मघाचंच गाणं' म्हणावं, हे आम्हाला चांगलंच लागलं. मी घाईत उत्तर दिलं, "फील वेगळा आहे हो काका." 'फील' हा शब्द आम्ही ब्लूजवाले उत्तर सुचलं नाही की काढतो. काकांनी मान हलवली आणि बिस्किट चहात बुडवलं. तेव्हा पटकन जे सांगता आलं नाही, ते मग चहाबरोबर सावकाश सांगितलं, आणि तेच इथे सांगते.

मुळात काकांचं बरोबरच होतं. बहुतेक ब्लूज गाण्यांचा सांगाडा खरोखरच एक असतो. त्याला ट्वेल्व्ह-बार म्हणतात. बार म्हणजे चार मात्रांचं एक घर, अशी बारा घरं, की एक फेरा पूर्ण. पहिली चार घरं षड्जाची. पुढची दोन मध्यमाची. मग परत दोन षड्जाची. नववं पंचमाचं, दहावं मध्यमाचं, शेवटची दोन पुन्हा षड्जाची. 'षड्जाचं घर' म्हणजे तिथे साथीदार षड्जावर उभी केलेली कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, वाजवतात. आपल्याकडे तानपुरा एकदा लागला की मैफल संपेपर्यंत हलत नाही. इथे मात्र गाणारा आपल्या जागी बसलेला असतो आणि त्याच्या खालची सतरंजी ठरलेल्या वेळी सरकते.

शब्दांचाही साचा असाच ठरलेला. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचा उलगडा करायचा. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार घरं येतात, पण गाऊन होते साधारण दोन घरांत. उरलेली दोन रिकामी. या रिकाम्या दोन घरांत गिटार बोलते. शाहिरामागचे झीलकरी जसे त्याची ओळ संपायची वाट बघतात आणि मग 'जी जी' करून उचलतात, तसं. फरक इतकाच की झीलकऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं, गिटारचं दर फेऱ्याला नवं.

हे सांगताना काका बोटांवर काहीतरी मोजत होते. "बारा घरं, प्रत्येकी चार मात्रा. अठ्ठेचाळीस. अगं, हा तर विलंबित एकताल झाला!" एकतालाच्या बारा मात्रा, आणि अतिविलंबितात तबलजी प्रत्येक मात्रा मनात चारात मोजतो. गणित जुळतं, पण तो निव्वळ योगायोग आहे. मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतांवरून आलेल्या या गाण्याचा किराणा घराण्याशी काडीचा संबंध नाही. तरी ऐकणाऱ्याला या योगायोगाचा उपयोग आहे. एकताल ऐकताना आपण कुठल्या मात्रेवर आहोत याचं भान कानाला असतं, म्हणूनच समेवर येणं कळतं आणि दाद निघते. ब्लूजमध्येही आपण कितव्या घरात आहोत हे कळायला लागलं की 'सगळं सारखंच' हे वाटणं आपोआप गळून पडतं. शेवटच्या दोन घरांना टर्नअराउंड म्हणतात. ख्यालात मुखडा पकडून समेकडे जातात, तोच प्रकार. साचा सगळ्यांना पाठ असल्यामुळे, आयुष्यात कधी न भेटलेले चार वादक मंचावर चढतात, एक जण 'ए मध्ये, शफल' एवढंच म्हणतो, आणि गाणं सुरू होतं. ए म्हणजे सुराची पट्टी. शफल म्हणजे मात्रेचे तीन भाग करून मधला गिळून टाकायचा, टांग्याच्या घोड्यासारखी चाल.

तेव्हा सगळ्या एकतालांत बाराच मात्रा, अशी तक्रार काका कधी करतील का? दोन गायकांनी एकच बंदिश गायली तरच तुलनेला अर्थ येतो. ब्लूजवाल्यांनी सगळ्या गाण्यांना एकच घर बांधून ठेवलंय, म्हणून तर आमची भांडणं होऊ शकतात.

आता खरी मेख. ब्लूज वाजवणारा सोलोमध्ये जे सूर जास्तीत जास्त वापरतो ते असे: सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. काकांनी लगेच नाव घेतलं, धानी. सूर धानीचेच आहेत, फक्त खाली साथीला जी षड्जाची कॉर्ड वाजते आहे तिच्यात गंधार शुद्ध आहे. म्हणजे खाली शुद्ध गंधार, वर कोमल गंधार, आणि दोन्ही एकाच वेळी! आपल्या बैठकीत असं कोणी केलं तर पानाचा डबा उचलून लोक घरी जातील.

"जोगमध्ये दोन्ही गंधार लागतात की," काका म्हणाले. लागतात, पण शुद्ध चढताना आणि कोमल उतरताना. एक येतो तेव्हा दुसरा घरी नसतो. ब्लूजमध्ये दोघं एकाच खोलीत. आणि मजा अशी की गिटारवादक त्या कोमल गंधाराची तार किंचित ताणून त्याला शुद्धाच्या दिशेनं ढकलतो, पण पोहोचू देत नाही. धड हा नाही, धड तो नाही, अशा मधल्या जागी सोडून देतो. हाच तो प्रसिद्ध 'ब्लू नोट'. पियानोवर ही जागा नाहीच, कारण दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नसतं. म्हणून ब्लूजचे पियानोवादक दोन्ही पट्ट्या एकमेकींवर घसरवून तिचा भास करतात. "पेटीवर मींड येत नाही, तसंच," असं काका म्हणाले, आणि मला वाटलं की माझं अर्धं काम झालं.

याच्या पुढची गोष्ट मला स्वतःला कळायला काही वर्षं लागली. पाचव्या घरात सतरंजी मध्यमावर सरकते. मध्यमाला षड्ज मानलं तर आपला तो कोमल गंधार काय होतो? त्याचा कोमल निषाद. आणि ब्लूजच्या कॉर्डमध्ये कोमल निषाद असतोच. म्हणजे पहिली चार घरं जो सूर खाली वाजणाऱ्या कॉर्डला टोचत होता, तोच सूर, बोट तसूभरही न हलवता, पाचव्या घरात अचानक घरचा होतो. टोचणं थांबतं. या एका क्षणावर वादकाचा स्वभाव कळतो. कोणी चौथ्या घराच्या शेवटीच त्या सुरावर जाऊन बसतो आणि सतरंजी सरकायची वाट बघतो. कोणी घर उलटून गेल्यावर सावकाश पोहोचतो, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा. कोणाला तिथे काही आहे याचा पत्ताच नसतो, तो आपला भराभर तुकडे वाजवत पुढे निघून जातो. या तिसऱ्या प्रकारच्या लोकांचे व्हिडिओ सगळ्यात जास्त बघितले जातात, ही माझी जुनी खंत आहे.

तार ताणण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. डाव्या हाताचं बोट तारेवर दाबायचं आणि तार तशीच आडवी ढकलायची, की सूर वर चढतो. याला बेंड म्हणतात. सतारीवर मींड ओढतात ती हीच क्रिया. तारेचा सूर तिच्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो. सा वरून रे वर जायचं तर कंपनसंख्या साधारण १२ टक्क्यांनी वाढते, आणि त्यासाठी ताण जवळजवळ २६ टक्क्यांनी वाढवावा लागतो. एका बोटाच्या जोरावर तार सव्वापट ताणायची, शिवाय ती नेमकी रिषभावर नेऊन थांबवायची, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. पट्टीवर बोट ठेवलं की आपोआप येणारा हा सूर नाही, कानानं शोधून काढायचा आहे. म्हणून गिटारमध्ये गळ्याच्या सगळ्यात जवळचं काही असेल तर ते बेंड.

मी शिकायला सुरुवात केली ती अकूस्टिक गिटारवर, स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये. महिनाभर तिसऱ्या तारेवर बेंड मारायचा प्रयत्न केला. तार हलेना, बोटं सोललेली. सर म्हणाले, तुझ्या बोटात जोर नाही. पुढे एका मित्राची इलेक्ट्रिक गिटार हातात आली आणि पहिल्या मिनिटात तोच बेंड लागला. कारण साधं होतं: अकूस्टिकच्या नेहमीच्या सेटमध्ये तिसऱ्या तारेवर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते, आणि तशी तार बेंडला फारशी दाद देत नाही. इलेक्ट्रिकच्या सेटमध्ये ती सहसा साधी असते. ठाण्यातल्या घराघरांत पलंगाखाली पडलेल्या किती गिटारी या एका तारेपायी तिथे गेल्या असतील, असं अधूनमधून मनात येतं.

ताणाचं गणित कळलं की किंग मंडळी आणि त्यांचा टेक्सासचा शिष्य स्टीव्ही रे वॉन यांच्यातला फरक ऐकूच येतो असं नाही, दिसूही लागतो.

अल्बर्ट किंग डावखुरा. उजव्या हाताची गिटार त्यानं सरळ उलटी धरली, तारा मात्र बदलल्या नाहीत. त्यामुळे बारीक तार वर, जाड तार खाली. बाकीचे लोक बारीक तार वर ढकलतात. अल्बर्ट ती खाली ओढतो, तळहाताकडे. विहिरीवर दोर ओढताना जी ताकद मिळते ती ढकलताना मिळत नाही, तसंच इथे. त्याचे बेंड म्हणूनच अवाढव्य असतात, एकाच सुरावरून दीड-दोन स्वर वर नेतो, आणि मध्ये कुठेही रेंगाळू शकतो. सूर मोजकेच, पण प्रत्येकाचा चेहरा वेगळा. त्याची नक्कल सगळ्यांनी केली. हुबेहूब कोणाला जमली नाही, कारण त्याच्या गिटारवर तारांचा क्रमच उलटा होता.

स्टीव्ही रे वॉननं दुसरी वाट धरली. बारीक तार साधारण ०.००९ इंच जाडीची लावतात, त्याची ०.०१३ च्या आसपास. लांबी तीच आणि सूर तोच असेल तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दुपटीहून थोडा जास्तच. तो गिटार अर्धा स्वर उतरवून लावायचा, त्यानं ताण जेमतेम ११ टक्के कमी होतो. उरलेला सगळा बोटांवर. बोटांची कातडी निघायची तर सुपरग्लू लावून वाजवायचा. काकांनी हे ऐकून चहाचा कप खाली ठेवला. पण जाड तारेवर कितीही जोरात आघात केला तरी ती फडफडत नाही, म्हणून तो एवढा तुटून पडून वाजवतो आणि तरीही आवाज भरीव राहतो. आमच्यातला एक जण फक्त त्याचाच. बाकीच्यांचं ऐकतच नाही, हा त्याचा दोष.

फ्रेडी किंगच्या अंगठ्यात प्लॅस्टिकची नखी, तर्जनीत धातूची. सतारीची नखी आठवा. त्यामुळे प्रत्येक सुराच्या सुरुवातीला 'टक' असा कडक ठोका येतो. १९६१ साली आलेलं त्याचं 'हाइड अवे' हे शब्द नसलेलं गाणं पुढच्या पिढीच्या प्रत्येक पोरानं पाठ केलं.

आणि बी. बी. तो ताकदीच्या या स्पर्धेत उतरतच नाही. त्याचं सगळं वैभव एका सुराच्या थरथरण्यात. तर्जनी तारेवर रोवायची, अंगठा गिटारच्या मानेवरून सोडून द्यायचा आणि मनगटापासून पूर्ण पंजा फडफडवायचा, फुलपाखरासारखा. याला व्हायब्रेटो म्हणतात. काकांना दरबारीचा आंदोलित गंधार आठवला. मला ही तुलना पटत नाही. दरबारीचं आंदोलन संथ, झोपाळ्यासारखं. बी. बी.चं जलद आणि आवळ, गळा दाटून आल्यावर आवाज कापतो तसं. पण एका सुराला इतकं महत्त्व देणं दोन्हीकडे आहे, एवढं कबूल.

बी. बी.बद्दल आणखी एक गोष्ट. तो गाताना गिटार वाजवत नाही. गाताना साथीच्या कॉर्ड वाजवणं आपल्याला जमत नाही, हे तो मोकळेपणानं सांगायचा. या उणिवेचं त्यानं सोनं केलं. ओळ गायची, थांबायचं, मग त्या दोन रिकाम्या घरांत गिटारनं उत्तर द्यायचं, पुन्हा थांबायचं. त्याच्या गिटारचं नाव ल्युसिल. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सॉतल्या ट्विस्ट गावी नाचाच्या जागी एका बाईवरून दोघांची मारामारी झाली, ऊब मिळावी म्हणून पेटवलेलं रॉकेलचं पिंप कलंडलं आणि आग लागली. बाहेर पळालेला बी. बी. गिटारसाठी परत आत धावला. त्या बाईचं नाव ल्युसिल होतं, हे नंतर कळलं. असला मूर्खपणा पुन्हा करू नये याची आठवण म्हणून पुढच्या सगळ्या गिटारींना त्यानं तेच नाव दिलं. गाणारा आणि उत्तर देणारी असे दोघं मंचावर आहेत असं समजून ऐकलं, की त्याच्या गप्प बसण्यालाही अर्थ येतो.

गिटारला इतका मोठा आवाज आला कुठून, हे थोडक्यात सांगते. ब्लूज गायक मडी वॉटर्स १९४३ साली मिसिसिपीतलं शेत सोडून शिकागोला कामाला गेला. कोकणातली माणसं गिरणगावात आली तशी लाखो काळी माणसं रेल्वेनं उत्तरेच्या शहरांत चालली होती. तिथल्या दारूच्या गुत्त्यांतल्या गोंगाटात लाकडी गिटार ऐकू येईना, म्हणून वीज आली, आवाज वाढवणारा ॲम्प आला. जुन्या रेडिओत असायचे तसे व्हॉल्व्ह या ॲम्पमध्ये असतात. त्यांना झेपेल त्याहून जास्त आवाज ढकलला की ते आवाजाची टोकं चेपतात आणि तो करकरीत, जाड होतो. खरं म्हणजे हा बिघाड. लोकांना आवडला.

आता मैफलीकडे येते, कारण आमच्या खटल्यात पुरावा म्हणून स्टुडिओचं रेकॉर्डिंग मी मानतच नाही. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटं मावायची. संथ ब्लूजमध्ये मिनिटाला साठ मात्रा धरल्या तर बारा घरांचा एक फेरा ४८ सेकंदांचा. तीन मिनिटांत चार फेरेही होत नाहीत, त्यातले तीन गाण्याचे. गिटारच्या वाट्याला एक फेरा आला तर आला. तेवढ्यात कोण काय सिद्ध करणार? शिवाय समोर दाद द्यायला कोणी नाही. बालगंधर्वांच्या गाण्यातून 'वन्स मोअर' वजा केला तर काय उरेल, तसं ते.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी बी. बी. किंगची 'लाइव्ह ॲट द रीगल' घ्यावी. शिकागोचं रीगल थिएटर, २१ नोव्हेंबर १९६४. तो चाळिशीला टेकलेला, समोर आपली माणसं. बायका किंचाळताहेत, आणि त्या किंचाळण्यालाही ताल आहे. बरोबर त्या रिकाम्या दोन घरांत येतात. एका गाण्यात तो सगळा वाद्यवृंद थांबवून बायकोबद्दलची गाऱ्हाणी मोजून दाखवतो आणि शेवटच्या गाऱ्हाण्याला थिएटर फुटतं. मग लगेच 'लाइव्ह इन कुक काउंटी जेल' लावावी, १० सप्टेंबर १९७०. समोर कैदी. सुरुवातीला शेरीफ आणि न्यायाधीशांची ओळख करून देतात तेव्हा सगळा तुरुंग हुर्यो उडवतो. पहिलं गाणं दोन्हीकडे तेच आहे, 'एव्हरी डे आय हॅव द ब्लूज'. माणूस तोच, गाणं तेच, बारा घरंही तीच. रीगलमध्ये तो यजमान वाटतो, तुरुंगात पाहुणा. तिथलं गाणं हसरं कमी, जड जास्त. आमचा स्टीव्हीवाला मित्र म्हणतो की मला माहिती आहे म्हणून तसं ऐकू येतं. असेलही.

त्याच मित्राचा पुरावा मोन्त्रोचा, आणि तो भारी आहे हे मान्य करायला हवं. १७ जुलै १९८२, स्वित्झर्लंडमधला मोन्त्रो महोत्सव. स्टीव्ही रे वॉनची तोवर एकही तबकडी आलेली नव्हती. त्या रात्री लोक अकूस्टिक ब्लूज ऐकायला आले होते आणि याचा आवाज कानठळ्या बसवणारा. पहिलंच गाणं फ्रेडी किंगचं 'हाइड अवे'. त्या रात्री टाळ्यांमध्ये 'बू'ही ऐकू येतं, रेकॉर्डिंगमध्ये अजूनही आहे. त्या संध्याकाळमुळेच मात्र रॉक गायक डेव्हिड बोवीनं त्याला आपल्या पुढच्या तबकडीवर घेतलं आणि दुसरा गायक जॅक्सन ब्राउन यानं आपला स्टुडिओ फुकट दिला. तीन वर्षांनी, १९८५ मध्ये, तो त्याच मोन्त्रोत परत गेला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. 'टेक्सास फ्लड' दोन्ही वर्षी वाजवलंय. हे संथ बारा घरांचं गाणं मुळात लॅरी डेव्हिसचं, १९५८ चं. एकापाठोपाठ एक ऐका. १९८२ चा स्टीव्ही चिडून, दार ठोठावल्यासारखा वाजवतो. १९८५ चा थांबतो. मला ८२ चा जास्त आवडतो, दादेची सोय नसताना वाजवणारा. त्या मित्राला ८५ चा. या एका मुद्द्यावर आमच्या दोन रविवारांची वाट लागली आहे.

आमचं चौघांचं एकमत फक्त एका रेकॉर्डिंगवर आहे. ६ डिसेंबर १९८३, कॅनडातल्या हॅमिल्टनचा टीव्ही स्टुडिओ, अल्बर्ट किंग आणि स्टीव्ही समोरासमोर. प्रसिद्ध झालं ते बऱ्याच वर्षांनी, १९९९ मध्ये. स्टीव्ही आयुष्यभर ज्याचे तुकडे वाजवत आला तोच समोर बसलाय. गुरूसमोर गुरूचीच तान घेताना शिष्याचं जे होतं ते इथे ऐकू येतं. अल्बर्ट मधूनमधून त्याला टपल्या मारत बोलतो. काकांनी हे पूर्ण ऐकलं, न बोलता. शेवटी एवढंच म्हणाले, "म्हाताऱ्यानं पाच सूर लावले, पोरानं पन्नास. पोरालाही ते कळलंय, म्हणून पोरगा गोड आहे."

प्रत्यक्ष ऐकण्याबद्दल माझ्या गाठीशी एकच मोठी गोष्ट आहे. फेब्रुवारी २०११, वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ, महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलचं पहिलंच वर्ष, आणि मंचावर शिकागोचा ब्लूज गिटारवादक बडी गाय. वय ७४. बडी गायची ख्याती दोन गोष्टींसाठी: मंच सोडून वाजवत लोकांत शिरायचं, आणि आवाज एकदम खाली आणायचा. पहिली बघायला छान वाटते, दुसरी अंगावर काटा आणते. एका क्षणाला त्यानं गिटार इतकी हळू केली की वीज नसलेल्या तारेचाच आवाज यावा. सगळे श्वास धरून. मग एकच सूर, पूर्ण ताकदीनं. दचकून माझ्या शेजारच्या माणसाचा ग्लास सांडला. ही हळूवरून मोठ्यावरची उडी रेकॉर्डिंगमध्ये येत नाही, कारण घरी आपण हळू भाग आला की आवाज वाढवतो. दादरला गाडी बदलून शेवटच्या लोकलनं ठाण्याला आले तेव्हा कानात शिट्टी वाजत होती.

इंग्रज गिटारवादक एरिक क्लॅप्टनचा विषय इथे काढत नाही. शेजारी राहायचंय.

शेवटी आम्ही काकांनाच म्हटलं, तुम्ही निकाल द्या. इतकं सगळं ऐकलंत, कोण? ते म्हणाले, मघाशी तुम्ही पुढे ढकललंत ते परत लावा, ती पावसातली बाई.

ती बाई म्हणजे सिस्टर रोझेटा थार्प. ७ मे १९६४, इंग्लंडमधलं मँचेस्टर. टीव्हीवाल्यांनी एक बंद पडलेलं रेल्वे स्टेशन घेतलं, एका फलाटावर वादक आणि समोरच्या फलाटावर प्रेक्षक, मध्ये रूळ. मडी वॉटर्सही त्या कार्यक्रमात होता. रोझेटा घोडागाडीतून उतरते, अंगात जाड कोट, गळ्यात पांढरी इलेक्ट्रिक गिटार. नुकताच पाऊस पडून गेलेला, फलाट ओला. आणि ती पावसाचंच गाणं सुरू करते. पन्नाशीच्या आसपासची बाई सोलो घेताना अशी काही मागे झुकते की आमच्या चारही नायकांनी बाजूला व्हावं. काकांनी सगळं आयुष्य ठाणे-व्हीटी केलंय, फलाटावर उभं राहण्यात त्यांची कित्येक वर्षं गेलीत. व्हिडिओ तीनदा बघितला.

"ही," म्हणाले.

आम्ही तिघं एकदम ओरडलो. ती ब्लूजवाली नाही, गॉस्पेलवाली, चर्चची गाणी गाते, आमच्या यादीतच नाही. चौथा गप्प होता, त्याला मनातून पटलं असावं.

काकांनी कप पुढे केला. "ठुमरी गाणाऱ्याला शास्त्रीय गवई म्हणायचं की नाही, यावर आमच्याकडे माझ्या लग्नाआधीपासून भांडण चालू आहे. बसा आता. आणि चहा अर्धाच दे."